माळ्यावर सापडलेलं हायड्रोप्लेन आणि आजेसासऱ्यांचं इंजिन

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडच्या मिडलँड्स भागात राहणाऱ्या एका ताईंना सासरचं जुनं घर आवरताना माळ्यावर तीनेक फुटांची प्लायवूडची बोट मिळाली. तिच्यात एका सिलिंडरचं इंजिन आहे, तेही जाम झालेलं. सोबत पितळी प्रोपेलरांची डबी आणि एक वही. वहीत तारखांपुढे '१९.४', '१८.७', '१६.८' असे आकडे आहेत आणि काही ठिकाणी '३ × ७½' असं लिहिलंय. सासूबाईंना एवढंच आठवतं, की त्यांचे वडील रविवारी सगळ्यांना तळ्यावर न्यायचे, एरंडेलाचा वास सुटायचा आणि आवाजानं कान किटायचे. ताई विचारतात: हे नेमकं काय आहे, इंजिन आजेसासऱ्यांनी स्वतः बनवलं असेल का, आणि ते पुन्हा चालेल का?

ताई, आधी एक विनंती. हे सगळं वाचून होईपर्यंत फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, पाना लावून इंजिन फिरवायचा प्रयत्न करू नका, आणि घरातल्या कुणाला उत्साहाच्या भरात करूही देऊ नका. जाम झालेल्या जुन्या इंजिनाचं सगळ्यात जास्त नुकसान सापडल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत होतं. पन्नास-साठ वर्षं ते माळ्यावर सुखरूप होतं, आणखी महिनाभर बसून राहिलं तरी त्याला काही होत नाही.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात बसवला. पुढे नोकरी कॉव्हेंट्रीच्या टूलरूममध्ये झाली आणि तिथल्या मॉडेल इंजिनिअरिंगवाल्यांच्या संगतीत या बोटींचा नाद लागला. अशी इंजिनं उघडणं, दुरुस्त करणं, पुन्हा जोडणं हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. तुमच्या वर्णनावरून मला जवळजवळ खात्री आहे, की तुमच्याकडे आहे ते दोरीवर धावणारं शर्यतीचं हायड्रोप्लेन. खूण सांगतो. बोटीच्या एकाच बाजूला, सहसा डाव्या, पुढे-मागे दोन छोट्या पट्ट्या किंवा कड्या पक्क्या बसवलेल्या दिसतील. त्यांत तारेचा लगाम अडकवायचा. तळ्याच्या मधोमध एक खांब, खांबाच्या डोक्यावर फिरतं बेअरिंग, तिथून बारीक पोलादी तार बोटीपर्यंत. ब्रिटनमधल्या रूढ मापानं एक फेरी १०० यार्डांची, म्हणजे तार मध्यापासून ४७ फूट ९ इंच. बोटीत माणूस नाही, रेडिओ नाही. इंजिन सुरू करायचं, पाण्यात उभं राहून बोट हातानं सोडायची आणि ठरलेल्या फेऱ्यांची वेळ स्टॉपवॉचवर धरायची, एवढीच शर्यत. लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमधला असा क्लब १९०४ सालचा, आणि देशभरच्या क्लबांची मॉडेल पॉवर बोट असोसिएशन १९२४ची. बोटींचे गट इंजिनाच्या आकारमानावर ठरत: ३० सीसी, १५, १० आणि ५.

वेग आला की हायड्रोप्लेन पाणी कापत नाही, पाण्यावरून घसरतं. तुमच्या बोटीचा तळ उलटा करून बघा. पुढे दोन्ही बाजूंना ठोकळ्यांसारखे वेगळे तळ असतील तर ती तीन टेकूंची बोट: पुढचे दोन ठोकळे आणि मागचा प्रोपेलर, एवढ्याच तीन जागी ती पाण्याला टेकते. प्रोपेलरसुद्धा अर्धा पाण्याबाहेर असतो. मोठ्या बोटींमध्ये ही रचना १९३०च्या दशकात न्यू जर्सीतल्या एपल बापलेकांनी रुळवली. तिच्याच धर्तीच्या 'ब्लूबर्ड के-४'नं माल्कम कॅम्पबेल यांनी १९३९मध्ये कॉनिस्टन तळ्यावर ताशी १४१.७४ मैलांचा विक्रम केला, आणि छोट्या बोटींचे घडवणारे त्या मोठ्या बोटींकडे डोळा लावून असत. तुमच्या बोटीला ठोकळे नसतील, तळाला फक्त एक आडवी पायरी असेल, तर रचना त्याहून जुन्या वळणाची आहे. मात्र एवढ्यावरून साल ठरवू नका. जुन्या सांगाड्यावर नवं इंजिन आणि नव्या सांगाड्यावर जुनं इंजिन हे या छंदात सर्रास चालायचं.

आता वहीकडे येतो, कारण तुमच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू माझ्या मते तीच आहे. ते आकडे सेकंद आहेत. पाच फेऱ्या म्हणजे ५०० यार्ड. १०२३ला सेकंदांनी भागा, ताशी मैल निघतात. १९.४ म्हणजे जवळपास ५३ मैल. १८.७ म्हणजे ५४.७. आणि १६.८ म्हणजे ६०.९ मैल, ताशी ९८ किलोमीटर! घरच्या लेथवर घडलेल्या इंजिनानं साठ मैलांची रेघ ओलांडणं ही त्या मंडळींमध्ये मोठी मानाची गोष्ट होती. ज्या दिवशी वहीत १६.८ उतरला, त्या दिवशी घरी परतताना आजेसासरे कसे असतील याची कल्पना मी करू शकतो. ती तारीख सासूबाईंना वाचून दाखवा.

'३ × ७½' हा प्रोपेलर: व्यास तीन इंच आणि एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर, म्हणजे पिच, साडेसात इंच. साठ मैलांच्या वेगाला बोट सेकंदाला हजारावर इंच अंतर तोडते. त्याला साडेसातनं भागून साठनं गुणलं की मिनिटाला साडेआठ हजार फेरे होतात, आणि पाण्यातली घसर धरली तर इंजिन दहा हजारांच्या आसपास फिरत असणार. म्हणजे तुमच्या माळ्यावर जे बसलं आहे ते दहा हजार फेऱ्यांचं यंत्र आहे, आणि ते बहुधा एखाद्या शेडमध्ये साध्या बल्बच्या उजेडात घडलंय. डबीतले प्रोपेलर एकेक करून मोजा आणि वहीतल्या नोंदींशी जुळवा. कुठल्या पात्यांना कानस लावली, कुठली वाकवून बघितली, हे पितळेवर अजून दिसेल. ती पाती घासून चकचकीत केलीत तर ही सगळी माहिती पुसली जाईल.

दोरीच्या टोकाला गोल फिरणाऱ्या बोटीवर किती ताण येतो ते ऐकून भल्याभल्यांचे डोळे विस्फारतात. साठ मैलांच्या वेगाला या वर्तुळात बाहेर फेकणारा जोर बोटीच्या वजनाच्या पाचपट होतो. बोट चार किलोची असेल तर तारेवर वीस किलोची ओढ. शंभर मैलांना तीच ओढ छप्पन किलोपर्यंत जाते. म्हणूनच तुमच्या बोटीतली इंधनाची टाकी विचित्र जागी, विचित्र आकाराची वाटली तर ती चूक समजू नका. इंधन सगळं बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, तेव्हा तिथूनच ते उचलावं लागतं आणि कार्बोरेटरही त्या हिशेबानं मांडावा लागतो. धक्क्याजवळ झकास चालणारं इंजिन दुसऱ्या फेरीत गुदमरायचं, ते याच कारणानं. वहीत 'टाकी अर्धा इंच मागे' अशा छापाचं काही सापडलं तर ती याच लढाईची नोंद आहे.

इंजिन स्वतः बनवलेलं का? तीन शक्यता असतात.

एक, विकत आणलेलं. मग क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीवर, नाव ओतलेलं असतं किंवा पायावर क्रमांक ठोकलेला असतो. १९४०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतून मॅकॉय आणि डूलिंग ही १० सीसीची तयार इंजिनं आली आणि त्या गटातलं चित्रच पालटलं. दुसरी शक्यता, आराखडा दुसऱ्याचा आणि मेहनत घरची. एडगर वेस्टबरी नावाचे गृहस्थ 'मॉडेल इंजिनिअर' या साप्ताहिकात कित्येक वर्षं इंजिनांचे आराखडे देत. ५ सीसीचं 'केस्ट्रेल', १५ सीसीचं 'किवी', चार सिलिंडरांचं 'सील' ही त्यांची इंजिनं. त्यांची कच्ची ओतकामं विकत मिळत. लेथवर फेस मारणं, बोअर काढणं, आटे पाडणं, व्हॉल्व्ह बसवणं सगळं आपलं आपण. तिसरी शक्यता म्हणजे पॅटर्नपासून सगळं स्वतःचं. लाकडाचा पॅटर्न, वाळूचा साचा, मोटारीचे जुने पिस्टन वितळवून ॲल्युमिनियम. उद्यमनगरातल्या कुठल्याही जुन्या ओतारीला ही रीत नवी वाटणार नाही.

हातचं काम ओळखायचं तर भिंग घेऊन बसा. क्रँककेसच्या कोपऱ्यात कानशीचे ओरखडे, लेथच्या चकच्या जबड्यांचे ठसे, एखादं बुजवलेलं जास्तीचं भोक, हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाच्या, सहा स्क्रूंमध्ये एक वेगळा, ही सगळी त्याची लक्षणं. कारखान्यात शंभर नग काढणारा माणूस भोक बुजवत बसत नाही, तो नग बाजूला टाकतो. ते बुजवलेलं भोक म्हणजे आजेसासऱ्यांनी आधी काहीतरी वेगळं करून पाहिलं होतं, याचा पुरावा. बॉल बेअरिंगवर हॉफमन किंवा रॅन्सम अँड मार्ल्सचं नाव दिसलं तर गोंधळू नका, बेअरिंगं सगळेच विकत आणत.

या कामात सगळ्यात कसोटीचं काय असेल तर पिस्टन आणि लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती सिलिंडरची आतली नळी. बिडाचा पिस्टन, पोलादी किंवा बिडाचाच लायनर, पुष्कळदा पिस्टनला रिंगच नाही. मग दाब धरून ठेवायचा तर दोघांमधली फट एक थाऊच्याही (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) काही दशांशाइतकीच राहायला हवी. ते माप साध्या लेथच्या टूलनं येत नाही. लायनर आतून पेस्ट लावून लॅप करायचा, म्हणजे हळूहळू घासायचा, पुसायचा, पिस्टन घालून बघायचा, परत लॅप करायचा. पिस्टन वरच्या टोकाला जाताना किंचित आवळला पाहिजे आणि खाली मोकळा सुटला पाहिजे. हाताला कळतं ते, मोजून सांगणं अवघड. यात संध्याकाळच्या संध्याकाळी जातात. सासूबाईंच्या लहानपणी वडील जेवण झालं की शेडमध्ये जात आणि तासन्‌तास काहीतरी घासत बसत असं त्यांना आठवत असेल, तर ते हेच.

घरच्या बायकांचा यातला वाटा कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून मी मुद्दाम विचारायला सांगतो. क्रँककेसमध्ये बेअरिंग बसवायचं तर केस तापवावी लागते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, मग थंड बेअरिंग अलगद आत उतरतं. तापवायचं कशात? स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये! या छंदातल्या बहुतेक घरांत ओव्हनवरून झालेल्या भांडणाची एक तरी गोष्ट असते. सासूबाईंना नुसतं 'काय आठवतं' असं विचारू नका, त्यानं माणूस गप्प होतो. हातात वस्तू द्या. फ्लायव्हीलच्या खाचेत गुंडाळून ओढायचा चामड्याचा पट्टा किंवा दोरी सामानात असेल, ती द्या आणि विचारा, ही कोण ओढायचं? बॅटरी कोण वाहून न्यायचं? स्टॉपवॉच कुणाच्या हातात असायचं? पाण्यात कोण उतरायचं, आणि ओले मोजे कुठे वाळत घालायचे? तळ्यावरच्या आवाजाबद्दल शेजारचे लोक तक्रार करायचे का? असं विचारलं की उत्तरं येतात. त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज टिपून ठेवा.

आता साफसफाई. इंजिन जाम होण्याचं कारण निम्म्याहून अधिक वेळा गंज नसतो, एरंडेल असतं. शर्यतीच्या इंधनात मिथेनॉल आणि एरंडेल तेल मिसळत, कारण एरंडेल मिथेनॉलमध्ये विरघळतं आणि भयंकर उष्णतेतही धातूला धरून राहतं. पण वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्याची लाखेसारखी चिवट पिवळी खळ होते. रॉकेल-पेट्रोलला ती दाद देत नाही. तिला ऊब लागते.

आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, तारा-नळ्या कुठून कुठे जातात ते धरून. मग प्लग काढा. बारीक पाव इंची आट्यांचा, आत तारेचं वेटोळं असलेला ग्लो प्लग असेल तर इंजिन १९४७नंतर त्या पद्धतीवर आलेलं आहे, कारण रे आर्डन यांनी तो प्लग बाजारात आणला त्याच साली. स्पार्क प्लग असेल तर कॉइल, कंडेन्सर, कॉन्टॅक्ट ब्रेकर शोधा. ते बोटीतच कुठेतरी असतील. प्लगच्या भोकातून पातळ तेलाचे काही थेंब सोडून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी हेअर ड्रायरनं सिलिंडर हाताला चटका बसेल इतका गरम करा आणि फ्लायव्हील फक्त हातानं, केसभर मागे-पुढे हलवून बघा. हललं तर थांबा, आणखी तेल, आणखी ऊब. जोर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तो रॉड दुकानात मिळत नाही.

गरम करताना सासूबाईंना जवळ बसवा. तो वास परत येतो. मी हे अनेक घरांत पाहिलंय. वास आला की वहीत नसलेल्या गोष्टी बाहेर पडतात, आणि त्या वेळी रेकॉर्डिंग चालू असू द्या.

एवढ्यानं सुटलं नाही तर इंजिन बोटीतून काढून, सुटं करून गाडीच्या कूलंटमध्ये मंद आचेवर भिजवतात. खळ छान सुटते. पण कूलंट विषारी असतं. भांडं कायमचं वेगळं ठेवायचं, काम घराबाहेर करायचं, मुलं आणि कुत्री-मांजरं लांब. रंग असलेले भाग आणि कॉइल यांना हा उपाय लागू नाही. आणि कॉस्टिक सोडा किंवा ओव्हन साफ करायचं द्रव्य चुकूनही वापरू नका, ॲल्युमिनियम अक्षरशः खाल्लं जातं. एक्झॉस्टभोवती पांढरट, तंतूंसारखं काही गुंडाळलेलं असेल तर त्याला हात लावू नका. त्या काळी ॲस्बेस्टॉस वापरत. तपासून घ्या, मगच पुढे जा.

स्क्रूबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. जुन्या ब्रिटिश कामात बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे आटे असतात. २ बीएचा स्क्रू ४.७ मिलिमीटरचा, दिसायला आपल्या ५ मिलिमीटरच्या स्क्रूसारखाच, पण आट्याचा कोन वेगळा आणि पिच, म्हणजे आट्यांमधलं अंतर, तेही किंचित वेगळं. 'जवळपास बसतोय' म्हणून मेट्रिक स्क्रू पिळलात तर ॲल्युमिनियममधले आटे कायमचे जातात. प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढून त्याच्याच जागी टोचून ठेवा. बीए स्क्रू आजही विकत मिळतात.

पिस्टन मोकळा झाला की आकारमान काढता येईल. प्लगच्या भोकातून लाकडाची बारीक काडी घालून पिस्टन वर किती आणि खाली किती जातो ते मोजा, तो स्ट्रोक. हेड काढाल तेव्हा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजा. उदाहरणार्थ एक इंच बोअर आणि सव्वा इंचाला एक सूत कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, स्ट्रोक असेल तर साडेचौदा सीसी होतात, म्हणजे बोट १५ सीसी गटातली. गट आणि वहीतल्या तारखा हातात आल्या की 'मॉडेल इंजिनिअर'चे जुने अंक चाळा. त्यांत शर्यतींचे वृत्तान्त नावांसह आणि वेळांसह येत. आजेसासऱ्यांचं नाव छापून आलेलं असण्याची शक्यता चांगली आहे. मॉडेल पॉवर बोट असोसिएशनही आज चालू आहे, आणि दोरीवरची हायड्रोप्लेन्स पळवणारे तिथे अजून आहेत. त्यांच्यातल्या जुन्या मंडळींना बोटीचे फोटो दाखवा. कुणी ना कुणी तो सांगाडा ओळखतो.

पुन्हा चालवायचं का, यावर माझं मत स्पष्ट आहे. बोट पाण्यात दोरीला लावू नका. साठ वर्षांच्या प्लायवूडचा आणि सरसाचा भरवसा नाही, आणि वीस किलोच्या ओढीला लगामाची पट्टी उपटली तर साठ मैलांनी सुटलेली बोट काठावरच्या माणसाला जबर इजा करू शकते. इंजिन मात्र, दाब धरत असेल, रॉड आणि बेअरिंग सुस्थितीत असतील, तर एकदा टेबलावर पक्कं आवळून, पाण्याच्या थंडाव्याची सोय करून, थोड्या सेकंदांसाठी चालवावं. एकट्यानं नाही, क्लबातल्या जाणत्या माणसाच्या हातून. मिथेनॉल कातडीतूनही अंगात भिनतं आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, त्यामुळे हातमोजे आणि आग विझवायचं साधन जवळ हवंच. आणि दोरी ओढायला सासूबाईंना विचारा. त्या नको म्हणाल्या तर तुमच्या यजमानांना.

मोठ्या बोटींच्या जगात घरी घडवलेल्या यंत्राचं काय होऊ शकतं हे कुटुंबातल्या मुलांना सांगायचं असेल तर केन वॉर्बी यांचं उदाहरण द्या. सिडनीतल्या घराच्या परसात त्यांनी लाकूड-प्लायवूडची 'स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया' बांधली, हवाई दलानं लिलावात काढलेलं जुनं जेट इंजिन तिच्यात बसवलं आणि ८ ऑक्टोबर १९७८ला ब्लोअरिंग धरणाच्या पाण्यावर ताशी ५११ किलोमीटरचा वेग गाठला. पाण्यावरचा तो जागतिक विक्रम अजून उभा आहे.

इंजिन चालवलंत तर त्याच संध्याकाळी आतलं उरलेलं इंधन जाळून किंवा काढून टाका, कारण मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि बेअरिंगं आठवड्याभरात गंजतात. मग प्लगच्या भोकातून आणि कार्बोरेटरमधून चांगलं खनिज तेल सोडून हातानं पाच-सहा फेरे द्या. एरंडेल नको, नाहीतर पुन्हा तीच खळ. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, सुती कापडात गुंडाळून कोरड्या खोलीत ठेवा, परत माळ्यावर नाही. वहीची प्रत काढून इंजिनाच्या पेटीत ठेवा आणि मूळ वही दुसरीकडे, सासूबाईंपाशी. बोअर-स्ट्रोकची मापं आणि क्रँककेसच्या खालच्या बाजूचे फोटो हाती आले की पुन्हा लिहा. ते वेस्टबरींच्या आराखड्याचं इंजिन आहे की सगळं आजेसासऱ्यांच्या डोक्यातलं, हे त्यावरून सांगता येईल.